दर महिन्याला घरपोच रेकॉर्ड: मेंबरशिप घ्यावी का? गोव्यातल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

ओळखीत कुणी नवा रेकॉर्ड प्लेअर घेतला की पंधरा दिवसात मला फोन येतोच, आधी अभिनंदन वगैरे आणि मग हळूच, "अरे ते परदेशी क्लब असतात ना, महिन्याला एक रेकॉर्ड घरी पाठवतात, ते घेऊ का?" फोंडा असो, डिचोली असो नाहीतर मडगाव, प्रश्न तेच. म्हणून सगळं एकदाच टाइप करून ठेवतोय, यापुढे लिंक पाठवणार. 😀

ही मेंबरशिप म्हंजे नक्की काय भानगड असते?

तुम्ही महिन्याचे, तीन महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे भरायचे आणि त्यांनी दर महिन्याला एक एलपी (म्हंजे मोठी रेकॉर्ड) निवडून पाठवायची, बास एवढंच. प्रकार मात्र बरेच आहेत. काही क्लब सगळ्या मेंबरांना एकच रेकॉर्ड पाठवतात, बहुतेक वेळा खास मेंबरांसाठी वेगळी प्रेस केलेली, रंगीत, सोबत एखादी छोटी पुस्तिका. अमेरिकेतल्या डेन्व्हरचं व्हिनाइल मी प्लीज हे यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. काही क्लब तुमची आवड विचारून त्याप्रमाणे निवडतात (निवडतात म्हंजे गोडाउनात जे पडून आहे त्यातलं तुमच्या आवडीच्या जवळचं देतात, असं माझं मत). व्हिनाइल मूनसारखे लोक दर महिन्याला नव्या नव्या कलाकारांची गाणी एकत्र करून स्वतःचीच रेकॉर्ड काढतात. आणि काही लेबलं (म्हंजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या) फक्त स्वतःचा माल देतात, जसं रॉक गायक जॅक व्हाइटच्या थर्ड मॅनचं व्हॉल्ट, ते तीन महिन्यातून एकदा येतं.

हे सगळं नवीन फॅड आहे ना?

अजिबात नाही. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने अमेरिकेत १९५५ मधेच पोस्टाने रेकॉर्ड पाठवायचा क्लब काढला होता. एका सेंटला डझनभर रेकॉर्ड अशा जाहिराती यायच्या, लोक उड्या मारायचे, आणि खरी गंमत नंतर कळायची, की "या महिन्याची नको" असं कार्ड वेळेत परत पाठवलं नाही तर रेकॉर्ड येणार आणि मागोमाग बिलपण येणार. अशा धंद्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७३ मधे वेगळा नियम करावा लागला. नंतर १९८८ मधे सिएटलच्या सब पॉप लेबलने सिंगल्स क्लब काढला आणि त्यातली पहिली रेकॉर्ड निर्वाणाची होती, पुढे जगभर गाजलेला रॉक बँड, पण तेव्हा त्यांना कोण ओळखतही नव्हतं, हजारच कॉपी काढलेल्या. ज्यांनी तेव्हा डोळे मिटून पैसे भरले त्यांच्या घरात आज काय आहे विचार करा. प्रत्येक क्लबवाला तुम्हाला हीच गोष्ट ऐकवून मेंबर करतो, पण अशी लॉटरी लागायला दर महिन्याला निर्वाणा जन्माला यावी लागते.

ओके, एका वाक्यात सांग. घ्यावी की नको?

गोव्यात राहून, परदेशी क्लबाची, दर महिन्याची, वर्षभराची: नको. फक्त तीन महिन्यांची, ऑक्टोबर ते मे यामधे, आणि तुम्हाला माहीत नसलेलं संगीत कुणीतरी निवडून द्यावं अशी खरोखर हौस असेल तर: एकदा घेऊन बघा. हे दुसरं वाक्य झालं, माहिती आहे.

खर्च नक्की किती येतो? साइटवर तर चाळीस डॉलर लिहिलंय

तो चाळीस डॉलरचा आकडा अमेरिकेत राहणाऱ्याचा. आपला हिशोब असा. समजा रेकॉर्ड ४० डॉलर, परदेशी शिपिंग २० डॉलर, झाले ६०. डॉलर हिशोबाला सोपा म्हणून ९० रुपये धरला तर ५,४०० रुपये. आता यावर कस्टम ड्यूटी, आणि ती नुसत्या रेकॉर्डच्या किमतीवर नसते, शिपिंग आणि इन्शुरन्स धरून जो आकडा होतो त्यावर असते, त्याच्यावर परत आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), आणि तो पण ड्यूटी मिळवून झालेल्या रकमेवर. दर बजेटप्रमाणे खालीवर होतात म्हणून भरायच्या दिवशी काय आहे ते बघा, पण सगळं मिळून ३० टक्के धरलं तरी ५,४०० चे ७,०२० होतात. कुरिअरवाल्याचा क्लिअरन्स चार्ज वेगळा. कार्डवर परदेशी चलनाचा मार्कअप बँक लावते तो वेगळा, दोन-तीन टक्के सहज.

म्हंजे सात हजाराच्या पुढे एक रेकॉर्ड, आणि तीही तुम्ही न निवडलेली. तशीच नवीन एलपी भारतातल्या दुकानातून, ऑनलाइन मागवली तर साधारण अडीच ते चार हजारात येते, कारण दुकानदार पेटी भरून एकदम मागवतो आणि शिपिंग वाटली जाते. हा फरक ऐकूनच बहुतेक जण फोन ठेवतात. माझा एक मित्र मात्र म्हणाला की वीकेंडला कळंगुटला बसलो तर एका रात्रीत एवढे जातात, त्यामानाने रेकॉर्ड तरी घरात राहते. यावर काय बोलणार.

पार्सलवर गिफ्ट लिहायला सांगितलं तर ड्यूटी वाचते ना?

नाही. पूर्वी पाच हजारापर्यंतच्या गिफ्टला सूट होती, ती डिसेंबर २०१९ मधे काढून टाकली. आता राखी आणि जीव वाचवणारी औषधं सोडली तर गिफ्ट म्हणून फुकट काही येत नाही. किंमत कमी लिहायला सांगणं हा तर शुद्ध मूर्खपणा, कारण पार्सल हरवलं तर भरपाई पण तेवढीच मिळणार आणि कस्टमने उघडून बघितलं तर आणखी लफडं. कुरिअर असेल तर आधार किंवा पॅन मागणारा मेसेज येतो, तो फ्रॉड समजून डिलीट करू नका, पण त्यातल्या लिंकवर पण डोळे मिटून जाऊ नका, ट्रॅकिंग नंबर कुरिअरच्या साइटवर टाकून तिथूनच केवायसी भरा. पोस्टाने आलं तर ड्यूटी पार्सल घेताना भरायची, सुट्टे पैसे ठेवा.

कार्डवरून आपोआप पैसे कापले जातील का?

कापले गेले तर नशीब. रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२१ पासून नियम आहे की दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या पैशांना तुमची वेगळी परवानगी नोंदलेली हवी आणि पैसे कापायच्या २४ तास आधी बँकेने कळवायला हवं. १५,००० पर्यंत एकदा परवानगी दिली की दर वेळी ओटीपी लागत नाही. आपल्यासाठी हे चांगलंच आहे, पण बऱ्याच छोट्या परदेशी क्लबांच्या सिस्टिमला हे झेपत नाही, मग पहिला महिना जातो आणि दुसऱ्याला कार्ड डिक्लाइन, आणि तुम्हाला वाटतं रेकॉर्ड वाटेत आहे. म्हणून एकदम तीन महिन्यांचे भरून टाका आणि रिन्यू ऑफ करा. एकदम वर्षाचे भरू नका कारण क्लब मधेच बंद पडला तर गोव्यात बसून कोणाशी भांडणार? भरायच्या आधी गेल्या पाच-सहा महिन्यातले मेंबर काय म्हणतायत ते शोधून वाचा. "अजून आली नाही, मेलला उत्तर नाही" असे सूर दिसले तर रेकॉर्ड कितीही भारी असू दे, लांब राहा.

पावसाळ्यात मागवायला काय हरकत आहे?

गोव्याच्या बाहेरून कुणीतरी विचारलेला प्रश्न दिसतोय.

आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. गेल्या जुलैत आमच्याकडे एक बॉक्स आला. घरात कोणी नव्हतं, डिलिव्हरीवाल्याने तो बाल्कांवच्या (दारापुढच्या पडवीच्या) सोप्यावर ठेवला आणि फोटो काढून गेला. सोप्यावर छप्पर आहे, पण पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो त्याला छप्पर काय करणार. संध्याकाळी बघितलं तर पुठ्ठ्याचा एक कोपरा भिजून मऊ, बोट दाबलं की आत जातंय. आतलं कव्हर प्लॅस्टिकमधे होतं म्हणून वाचलं, पण बाहेर टेप लावून ठेवलेली पुस्तिका फुगून पापडासारखी झाली, त्या पुस्तिकेसाठी तर क्लबवाले पैसे घेतात. तेव्हापासून पत्ता ऑफिसचा.

खरा त्रास मात्र घरात आल्यानंतरचा, बुरशीचा. कव्हर पुठ्ठ्याचं, आतला कागदी स्लीव्ह कागदाचा, दोन्ही दमट हवा ओढून घेतात आणि श्रावणात बाहेर काढली की काळ्या रेकॉर्डवर पांढुरके ठिपके, मधल्या कागदी लेबलवर तर बुरशी केसासारखी पसरलेली. रेकॉर्डच्या प्लॅस्टिकला बुरशी फारसं काही करत नाही पण खाचेत बसते, सुई त्याच्यावरून जाते आणि चरचर ऐकू येते. काय करायचं:

नवीन रेकॉर्ड आली की बाहेरचं घट्ट श्रिंक प्लॅस्टिक फाडून टाका. दुकानात ते छान दिसतं, आपल्या हवेत आतला ओलावा आतच कोंडून ठेवतं, वर आवळलं की रेकॉर्ड वाकण्याची भीती. कागदी स्लीव्ह काढून पॉलिथिनचा अँटीस्टॅटिक स्लीव्ह घाला. बाहेरचं कव्हर पण पॉलिचं घ्या, तो जाड चकचकीत पीव्हीसीचा प्रकार नको, तो वर्षानुवर्षं चिकटून राहिला की रेकॉर्डवर ढगाळ डाग पडतात. रेकॉर्ड उभ्या ठेवायच्या, आडव्या थप्पीत कधीच नाही. पावसाच्या बाजूच्या भिंतीला कपाट टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. कपडे कोरडे राहावेत म्हणून कपाटात बल्ब लावून ठेवायची आपली जुनी युक्ती रेकॉर्डच्या कपाटात करू नका, वरचा खण तापतो आणि व्हिनाइल उष्णतेने वाकतं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या तर त्या महिन्यातून एकदा तापवून कोरड्या करायला लागतात, नाहीतर त्या नुसत्या शोभेला. डीह्युमिडिफायर असेल तर प्रश्नच मिटला. एसी असेल तर ड्राय मोडवर दिवसातून तासभर. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतं, ६० च्या खाली राहिलं तर शांत झोपा.

त्यामुळे क्लबाला स्किप किंवा पॉज करायची सोय आहे का हे सगळ्यात आधी बघा. नसेल तर तो क्लब गोव्यासाठी नाही. चवथीनंतर, ऑक्टोबर लागला की सुरू करा.

उन्हाळ्यात मग काही प्रॉब्लेम नाही?

आहे ना. मे महिन्यात रेकॉर्ड गाडीत ठेवून बाजारात गेलात तर परत येईपर्यंत तिची वाटी झालेली असेल. डिलिव्हरीच्या व्हॅनमधे काय होतं ते आपल्या हातात नाही. आली की लगेच वाजवू नका, बॉक्समधून काढून घरात दोन-तीन तास राहू दे.

वाकडी आली तर बदलून देतात का?

चांगले क्लब देतात, पण परत पाठवायला सांगितलं तर तो खर्च रेकॉर्डच्या वर जातो. बॉक्स उघडताना व्हिडिओ काढा, मग सपाट काचेवर ठेवून बाजूने फोटो काढा, प्लेअरवर फिरताना सुई कशी वरखाली होते त्याचा छोटा व्हिडिओ काढा आणि दोन दिवसाच्या आत मेल करा. थोडीशी वाकलेली रेकॉर्ड वाजते, सगळंच परफेक्ट पाहिजे असं मनात धरलं तर हा छंद सोडलेला बरा.

क्लब जे पाठवतात ते आपल्याला आवडेल का?

इथे थोडं लांबण लावतो कारण सगळा मुद्दा इथेच आहे.

क्लब प्लॅस्टिक विकत नाही, निवड विकतो. कुणीतरी ज्याने खूप ऐकलंय तो म्हणतो, हे ऐक. आणि ही गोष्ट मौल्यवान आहे, मी नाकारत नाही. स्वतः निवडायला लागलं की आपण तेच तेच घेतो, किशोर, पंचम, परत किशोर. पण हे निवडणारे लोक बसतात डेन्व्हरला, लंडनला. त्यांची निवड म्हंजे सोल, जॅझ, इंडी रॉक, हिपहॉप. उत्तम असतं, जॅझमधल्या कितीतरी गोष्टी माझ्या कानावर अशाच पडल्या. पण त्यांच्या यादीत नाट्यसंगीत कधी येणार? ज्या गावात जत्रेला अजून रात्रभर संगीत नाटक होतं आणि पहाटे भैरवीला उठून बसणारे लोक आहेत तिथल्या माणसाला वर्षभर फक्त अमेरिकन सोल पुरेल का हे त्याने स्वतःला विचारावं.

आणि आपल्याकडे काय कमी आहे का. केसरबाई केरकर आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, १८९२ चा जन्म. १९७७ मधे व्हॉयेजर यान सुटलं त्याच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, त्यात भारताचं म्हणून जे गाणं आहे ते त्यांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. ती तबकडी मिनिटाला १६ आणि दोन तृतीयांश फेऱ्यांनी वाजते म्हंजे आपल्या एलपीच्या बरोबर निम्म्या वेगाने. सूर्यमालेच्या बाहेर रेकॉर्ड पोचली आणि केरीच्या पोराला माहीत नाही, तो डेन्व्हरहून मागवतोय. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव तर साळावलीच्या धरणात गेलं. मास्टर दीनानाथ मंगेशीचे. हे सगळं कुठलाच क्लब महिन्याला बॉक्समधे घालून पाठवणार नाही, हे शोधावं लागतं, जुन्या एचएमव्हीच्या एलपीत, लोकांच्या माळ्यावर.

थोडक्यात, तुम्हाला जॅझ, सोल, नवीन रॉक ऐकायची हौस असेल तर परदेशी क्लबाची निवड कामाची. जुनं हिंदी, मराठी, शास्त्रीय हवं असेल तर एक रुपया पण घालू नका.

कोकणी?

गायिका लॉर्ना, संगीतकार ख्रिस पेरी यांच्या जुन्या छोट्या रेकॉर्ड्स लोक जीव लावून सांभाळतात, विकत नाहीत. मडगावच्या बाजूला कुणाच्या आजीशी दोस्ती करा.

१८० ग्रॅम, रंगीत, नंबर घातलेली, "फक्त मेंबरांसाठी"... याला काही अर्थ आहे का?

साधी रेकॉर्ड साधारण १२० ते १४० ग्रॅमची असते. १८० ची हातात घेतली की भारदस्त वाटते, वाकते थोडी कमी, आवाज मात्र वजनावर ठरत नाही. आवाज ठरतो मूळ टेप कुठली, मास्टरिंग कोणी केलं आणि कारखान्यात काळजी घेतली का यावर. रंगीत रेकॉर्ड आजकाल चांगल्या निघतात, फक्त ती आत चित्र छापलेली पिक्चर डिस्क असते ती भिंतीवर लावायला घ्या, ऐकायला नको.

"पूर्ण अॅनालॉग" (म्हंजे टेपपासून रेकॉर्डपर्यंत मधे कुठेच डिजिटल नाही) या शिक्क्यावर पण फार भाळू नका. २०२२ मधे मोबाइल फिडेलिटी नावाच्या, आवाजाच्या चोखंदळांसाठी रेकॉर्ड काढणाऱ्या मोठ्या कंपनीच्या बऱ्याच रेकॉर्डमधे मधे एक डिजिटल पायरी असते हे बाहेर आलं आणि लोक कोर्टात गेले. गंमत अशी की तोपर्यंत त्याच रेकॉर्ड ऐकून मोठमोठे जाणकार अॅनालॉगची ऊब, अॅनालॉगची ऊब करत होते. 🤣

नंबर घातलेली कॉपी असेल तर बघायला छान. तीन हजारातली २,११७ नंबरची. बरं मग?

नंतर विकून पैसे वसूल होतात ना?

एखादी होते. डिस्कॉग्ज या साइटवर कुठली रेकॉर्ड आत्तापर्यंत कितीला विकली गेली ते दिसतं, लोकांनी मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली बघा. क्लबांच्या बऱ्याच रेकॉर्ड मेंबराने भरले त्याच्या आसपास किंवा खालीच जातात. आणि तुमचे सात हजार ड्यूटीसकट आहेत, घेणारा अमेरिकेतला, त्याला ड्यूटीशी काय देणंघेणं. परत तुम्ही तिकडे पाठवायचा खर्च. आणि कव्हरवर आपल्या हवेचा एक डाग पडला की ग्रेड उतरतो. गुंतवणूक म्हणून करायचं असेल तर पोस्टात आरडी काढा.

माझ्याकडे अजून प्लेअर नाही. आधी मेंबरशिप घेऊन ठेवू का, ऑफर आहे

कृपा करून नको. आधी प्लेअर. तो सुटकेससारखा दिसणारा, स्पीकर आत बसवलेला घेऊ नका, त्याचा सुई धरणारा हात रेकॉर्डवर जड बसतो आणि स्पीकर हलला की सुई पण हलते. ऑडिओ टेक्निकाचा एलपी ६० एक्स हा साधा, आपोआप सुरू आणि बंद होणारा, प्रीअँप (सुईकडून येणारा बारीक आवाज वाढवणारा भाग) आत असलेला, सुरुवातीला भरपूर झाला. मेंबरशिपचे तीन महिने वाचवले की तो येतो.

गोव्यात दोन गोष्टी वेगळ्या बघायच्या. जुन्या घरात वरचा मजला लाकडी तक्तपोशीचा असेल तर कोणी चाललं की सुई उडी मारते, प्लेअर भिंतीतल्या फळीवर ठेवा. आणि लाइट गेली की हात रेकॉर्डवरच राहतो, अंधारात चाचपडत का होईना उचलून जागेवर ठेवा आणि स्विच बंद करा, नाहीतर लाइट आल्यावर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो आणि घरातली माणसं तुमच्या छंदावर बोलायला लागतात.

समुद्राजवळ राहत असाल तर मागच्या वायरींच्या पिना खाऱ्या हवेने काळ्या पडतात, एका बाजूचा आवाज गेला तर मेकॅनिककडे धावण्याआधी पिना काढून पुसून परत लावा.

घरचे विचारतात फोनवर सगळं फुकट असताना हे कशाला

बरोबर विचारतात. एवढंच सांगा की वीस-बावीस मिनिटांनी बाजू संपली की उठावं लागतं, तेवढाच व्यायाम.

मग मेंबरशिपऐवजी काय करायचं?

भिशी. थट्टा नाही, खरंच.

आम्ही काही जण करतो. दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम काढायची, चिठ्ठी टाकायची, ज्याचं नाव येईल त्याने त्या महिन्याच्या पैशातून रेकॉर्ड घ्यायच्या. पण नियम असा की निदान एक रेकॉर्ड अशी घ्यायची जी बाकीच्यांनी ऐकलेली नसेल, आणि महिन्याच्या शेवटी त्याच्या घरी सगळ्यांनी बसून ती पूर्ण ऐकायची, दोन्ही बाजू, मधे फोन नाही. रेकॉर्ड त्याचीच राहते. क्लबातून जे मिळतं ते सगळं इथे मिळतं, दुसऱ्याची निवड मिळते, महिन्याला काहीतरी नवीन येणार याची वाट बघणं मिळतं, आणि वर ज्याने निवडली त्याला समोरासमोर शिव्या घालायची सोय, ती डेन्व्हरमधे नाही. एकाने एकदा जपानी अँबियंट आणलं, अर्ध्या तासात दोघं घोरत होते, पण तीच रेकॉर्ड नंतर सगळ्यांनी मागून नेली.

भिशीचे पैसे एकत्र असल्यामुळे मुंबईच्या दुकानातून एकदम पाच-सहा मागवल्या की कुरिअर पण परवडतं. मुंबईला कोणी जाणार असेल तर यादी देतो. काळा घोड्याचं र्‍हिदम हाउस २०१६ मधे बंद झालं, त्याचं दुःख आहेच, पण नवीन रेकॉर्डची दुकानं निघालीत, चोर बाजार अजून आहे, आणि आता तर मुंबईत परत रेकॉर्ड प्रेस व्हायला लागल्यात. सारेगामा आपल्या जुन्या हिंदी गाण्यांच्या एलपी परत काढते. चोर बाजारात मात्र रेकॉर्ड कव्हरमधून काढून उजेडात तिरपी धरून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आणि कव्हरवर लिहिलंय तीच रेकॉर्ड आत आहे का ते लेबल वाचून बघायचं, लताचं कव्हर आणि आत इंग्रजी शिकवायची रेकॉर्ड असं सर्रास असतं.

वाढदिवसाला कुणाला मेंबरशिप गिफ्ट द्यायची आहे, चालेल?

तीन महिन्यांची, त्याच्याकडे प्लेअर आहे याची खात्री करून, आणि ड्यूटी कोण भरणार ते आधी ठरवून. नाहीतर गिफ्ट तुमचं आणि पोस्टमनला पैसे तो देणार, असं व्हायचं.

मेंबरशिप बंद कशी करायची?

सेटिंगमधे बटण शोधा. नसेल तर मेल करा, तारीख लिहा, उत्तर येईपर्यंत स्क्रीनशॉट ठेवा, आणि बँकेच्या अॅपमधे जाऊन ती आपोआप जाणाऱ्या पैशांची परवानगी स्वतः रद्द करा. हे शेवटचं सगळ्यात भरवशाचं. लक्षात ठेवा, बऱ्याच ठिकाणी पुढच्या महिन्याची रेकॉर्ड आधीच पॅक झालेली असते, त्यामुळे एक अजून येऊ शकते.

आजोबांच्या जुन्या रेकॉर्ड माळ्यावर सापडल्या, त्या याच प्लेअरवर वाजतील?

एलपी असतील तर हो. पण जाड, जड, टिचकी मारल्यावर काचेसारख्या वाजणाऱ्या आणि बाजूला तीन-साडेतीन मिनिटं चालणाऱ्या असतील तर त्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या), लाखेच्या. त्यांना ७८ चा स्पीड असलेला प्लेअर लागतो आणि सुई पण वेगळी, रुंद टोकाची, एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घसरत जाते आणि खराब होते. एलपी पुसायला डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात तसं यांना चुकूनही करू नका, अल्कोहोलने लाख विरघळते आणि गाणं कायमचं जातं. डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ फडकं, खाचेच्या दिशेने गोल फिरवत पुसायचं, लेबल ओलं करायचं नाही, परत नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून भांड्यांच्या स्टँडवर उभ्या वाळवायच्या. पंख्याखाली, उन्हात नाही. आणि काय सापडलं ते मला कळवा, नाट्यसंगीत असेल तर मी लगेच गाडी काढतो.